मले पेन्सिल चालत नाही

माय,

तुझ्या नातीसाठी मी एक पिशवी शिवली आहे. पाठीवर टाकायची, दोन पट्ट्यांची, पावसाचं पाणी आत जाणार नाही अशी. ती पुण्याला अकराव्या मजल्यावर राहते. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. पिशवी शिवून झाली, फक्त वरच्या कप्प्यात ठेवायचा एक कागद लिहायचा राहिला आहे. तो लिहायला मी आठ दिवसांपासून बसतो आणि उठतो. तो लिहायचा म्हणजे त्या दिवशी दवाखान्यात तुझ्याऐवजी मी काय बोललो, ते आधी तुला सांगावं लागेल. सत्तावीस वर्षं मी असं समजत आलो की तू पायाच्या जखमेनं गेलीस. मागच्या सोमवारपासून मला तसं समजता येत नाही.

पिशवीची गोष्ट अशी. पोरीच्या बिल्डिंगमध्ये खाली जिथं विजेचे मीटर असतात तिथं आग लागली. आग लहान होती, पण धूर जिन्यानं वर चढला. लिफ्ट बंद. ही पोरगी नाकाला ओढणी लावून, कठड्याला हात धरून अकरा मजले उतरली. कोणाला काही झालं नाही. पण खाली रस्त्यावर दोन-अडीच तास सगळे उभे, आणि कोणाच्या हाती काही नाही. पायात चप्पल नाही, प्यायला पाणी नाही, फोन विझत आलेला. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ छाती धरून फुटपाथवर बसले. त्यांची गोळी वर राहिली होती. कोणती गोळी म्हणून सगळे त्यांच्या बायकोला विचारत होते, आणि ती बिचारी नुसतं म्हणत होती, "पांढरी, छोटी." पोरगी मला फोनवर हे सांगताना रडली. आग सांगताना रडली नव्हती.

त्यानंतर त्यांच्या बिल्डिंगवाल्यांनी सगळ्यांना एक यादी पाठवली. घरटी एक पिशवी दाराशी भरून ठेवायची. उचलायची आणि निघायचं. पोरगी म्हणाली, "बाबा, बाजारात भेटतात तशा, पण त्याची चेन दोन महिन्यांत जाते. तुमीच शिवून द्या." माझं दुकान कामरगावला स्टँडजवळ आहे, माय. तू गेल्यावर वर्षाच्या आत मी गावातलं घर बंद केलं आणि इथं मशीन टाकली. पोरांची दप्तरं शिवतो, गेलेल्या चेना बसवतो, जीपवाल्यांची सीटकव्हरं करतो. वाकळ शिवताना तू मला टाका धरायला शिकवलंस, त्याच टाक्यावर आजपर्यंत पोट भरलं. दुकानात बसल्यावर सकाळी पहिली टीप मारण्याआधी देवाचं नाव घेतो आणि मग तुझं, इतका क्रम ठरलेला आहे.

शेजारी चाचांचं दुकान आहे. चेना, बक्कल, रेक्झिन, अस्तर सगळं त्यांच्याकडे मिळतं. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. जाड ताडपत्रीचं कापड मागितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काहून टेलर, पोट्टी फौजेत चालली का?"

"नाही चाचा. आगबिग लागली तं घरातून निघायची पिशवी आहे."

"या अल्ला! शहरातल्या लोकायले घरातून पळाची बी यादी लागते?"

"पूर आला, भूकंप आला, सगळ्यालेच."

"आपल्याइकडं पूर आला तवा आमच्या अम्मीनं एका काखेत शेळीचं पिल्लू घेतलं अन् दुसऱ्या काखेत मले. मधात तिले एक टाकून द्या लागलं."

"मंग?"

"मंग काय, मी पोहत आलो ना." आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले. मग आतून चमकणाऱ्या पट्टीचं एक भेंडोळं काढून त्यांनी हातभर कापून दिली. "हे मागून लाव. धुरात दिसंल पोरगी."

तर सोमवारी दुपारी मी टीप मारत होतो आणि पोरगी फोनवर यादी वाचत होती. फोन स्पीकरवर ठेवून मशीनच्या पाटावर ठेवला होता, तुझी सून डबा घेऊन आली होती ती स्टुलावर बसली होती. पाण्याच्या बाटल्या. बॅटरी. फोन चार्ज करायचा डबा. बिस्किटं. मी म्हटलं, बिस्किटानं काय होते, फुटाणे आणि गूळ टाक. "टाकते बाबा." मीठ-साखरेच्या पुड्या, कापूस, पट्टी. घरातल्या कागदांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये. नंबर कागदावर लिहून, कारण फोन बंद पडला की आजकाल कोणाला आईबापाचाही नंबर पाठ नसतो. शिट्टी.

"शिट्टी कायले वं?" सूनबाईनं विचारलं.

"आई, ढिगाऱ्याखाली अडकलं तर ओरडून ओरडून आवाज बसतो. शिट्टी बसत नाही."

मी पट्टीवर शिट्टी अडकवायला खडूनं एक खूण केली. मग मी सांगितलं की जे आधी लागेल ते वर ठेवायचं, जड सामान पाठीकडे ठेवायचं म्हणजे खांदा ओढत नाही, त्या हिशेबानंच मी कप्पे पाडतो आहे. सर्वांत वर एक चपटा कप्पा काढला होता. तिथं काय, तर ती म्हणाली, कागद. "बाबा, हे शेवटचं. रक्तगट, रोजची औषधं, अन् कोणतं औषध चालत नाही ते लिहायचं. माझं तर काही नाही. आई, तुले काही चालत नाही का?"

"मले कारल्याबिगर सारंच चालते," सूनबाई म्हणाली.

"बाबा, तुमाले?"

"काही नाही."

"घराण्यात कोणाले?"

हसण्याच्या ओघात होतो, माय. मी म्हटलं, "घराण्यात तुह्या आजीले पेन्सिल चालत नव्हती."

हे मी तिला लहानपणीही सांगितलेलं असेल, कोण जाणे. ती हसेल म्हणून मी थांबलो. 

"बाबा, काय म्हटलं?"

"पेन्सिल. तिले लिहिता येत नव्हतं ना. सही कर म्हटलं की म्हणे, मले पेन्सिल चालत नाही."

"बाबा," ती सावकाश बोलली, "इथं यादीत कंसात लिहून आहे, न चालणारी औषधं, जसं की पेनिसिलीन. आजी पेन्सिल म्हणे का पेनिसिलीन?"

माझा पाय मशीनवर होता, तो तिथंच राहिला.

आपल्या बोलीत 'चालत नाही' हा शब्द किती सोपा आहे. पेन चालत नाही म्हणजे लिहिता येत नाही. वांगं चालत नाही म्हणजे अंगाला मानवत नाही. दोन्हीला शब्द एकच. मी शाळा शिकलेला माणूस. गावच्या शाळेत चौथीत पहिला आलो म्हणून तू मला नवी पाटी आणून दिली होतीस. तेवढ्या शाळेनं मला त्या वाक्याचा एकच अर्थ कळला, आणि तो मी जन्मभर धरून ठेवला.

ती पाटी मिळाली त्याच वर्षीची गोष्ट. शाळेत पोरांना लस टोचायची होती, त्याच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे म्हणून गुरुजींनी तुला शाळेत बोलावलं. तू निंदणातून तशीच आलीस, हाताला माती. गुरुजींनी पेन पुढं केलं आणि तू म्हणालीस, "मले पेन्सिल चालत नाही, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "अवं बाई, मी कोठी पेन्सिल देऊन राह्यलो? हे पेन आहे." सगळा वर्ग हसला. सगळ्यांत जास्त मी हसलो, कारण मला लाज वाटली होती आणि हसलं की लाज दिसत नाही. घरी जाताना तू पांदणीत थांबलीस. माझ्या डोक्यावर टपली मारलीस, जोरात नाही, पण मारलीस. "हासजो बाप्पा. पण ध्यानात ठेवजो."

"काय ध्यानात ठेवू?"

"हेच. मले पेन्सिल चालत नाही. उद्या कोणी इचारलं अन् मले बोलता नाही आलं, तं तू सांगजो."

मी ध्यानात ठेवलं. इतकं ठेवलं की पुढं कुठंही कोणी कागद आणि पेन घेऊन तुझ्यासमोर आलं की मी आधी पुढं व्हायचो. रेशनच्या दुकानात, तलाठ्याकडे, सोसायटीत. "तिले लिहिता येत नाही, अंगठा घ्या." मला वाटायचं मी तुझा शब्द पाळतो आहे. तुझी लाज राखतो आहे. आणि तू माझ्याकडे पाहून मान हलवायचीस. ती मान कशासाठी हलत होती, माय?

सोमवारपासून मी एकेक दिवस उलटून पाहतो आहे, जसं फाटलेलं अस्तर उलटून टीप कुठं सुटली ते पाहावं. गावात लस टोचायला एक नवी नर्सबाई आली होती. मारुतीच्या पारावर सगळ्या बाया पोरं घेऊन बसलेल्या. तू विचारलंस, "यात पेन्सिल नाही ना बाई?" ती पोरसवदा नर्स हजरजबाबी होती. म्हणाली, "नाही मावशी, यात खोडरबर आहे." बाया लोटपोट झाल्या. पुढं महिनाभर विहिरीवर कोणी तुला पाहिलं की "खोडरबर आली वं" म्हणायचं. तूही हसायचीस. तुझ्या हसण्यानं मला आणखीच खात्री पटली की हा विनोदच आहे. आता वाटतं, तू आधी खरंच सांगत होतीस. सांगून सांगून लोक हसतच राहिले, तेव्हा तूही हसू लागलीस. पण हसतानाही विचारायचं सोडलं नाहीस. नर्सनं "नाही" म्हटल्यावरच दंड पुढं केला होतास. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं होतं, एवढंच.

बुधवारी दुकान बंद ठेवून मेडशीला गेलो, मावशीकडे. तिला आता ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मावशी, मायले कोणती सुई चालत नव्हती का?"

"कोणती म्हंजे? तेच ना, पेन्सिल." मावशी तुरीच्या शेंगा सोलत होती, तिचा हातही थांबला नाही. "तुह्या वक्ताले तिले ताप आल्ता. दवाखान्यात सुई देल्ली अन् तोंड असं भोपळ्यावानी सुजलं. साऱ्या अंगावर गांधी. दम लागला. डॉक्टरीन बाई होती म्हणून वाचली. त्या बाईनं तिच्याकून दहा बार वदवून घेतलं, हे नाव ईसरू नको म्हणे, हे तुले चालत नाही म्हणे."

"मले काहून कोणी नाही सांगलं?"

आता तिचा हात थांबला. "आमाले वाटे तुले मालूम आहे. घरात शिकलेला तूच होता ना बाप्पा."

'तुह्या वक्ताले मी जाऊन वापस आली,' एवढं तू मला कितीदा तरी सांगितलं होतंस. बाळंतपण म्हणजे पुनर्जन्म असं बायका म्हणतात, तसंच ते असेल असं मी समजलो. दहा वेळा वदवून घेतलेला तो अवघड शब्द तू गावापर्यंत आणलास, आणि वाटेत तो तुझ्या तोंडात बसेल एवढा झाला. त्यात तुझी काय चूक? तुला त्या शब्दाची चिठ्ठी कोणी दिली नाही. दिली असती तर तू ती मलाच वाचायला दिली असतीस. मग तरी मला कळलं असतं.

आता तो दिवस.

तुरी काढून झाल्या होत्या आणि खुंट जमिनीत तसेच होते. एक खुंट तुझ्या टाचेच्या वर घुसला. तू हळद भरलीस आणि दोन दिवस कामाला जात राहिलीस. तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत तापला. मी जीप बोलावली. जीपमध्ये तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली आहेस. तुझं अंग तव्यासारखं. आणि तू पदराचं टोक हातात घेऊन गाठ मारते आहेस. तुला लिहिता येत नव्हतं पण तू कधी काही विसरत नव्हतीस, ते या गाठींमुळे. बाजाराला निघालीस की मिठाची एक गाठ, बांगड्यांची एक, कोणाचा निरोप असला तर त्याची जरा मोठी. काम झालं की गाठ सोडायचीस. काम झाल्याशिवाय कधीच सोडायची नाहीस, हा तुझा नेम. मी म्हटलं, "आता कायची गाठ वं माय? आपुन बाजारात नाही चाललो." तू म्हणालीस, "राहू दे. लागते."

दवाखान्यात एकच खोली, पडद्यानं दोन केलेली. तू बाकावर. डॉक्टर पाय पाहतात, चेहरा गंभीर करतात. चांगला माणूस होता, माय. तुझ्या पायाला हात लावण्याआधी "माफ करा हं मावशी" म्हणाला होता. ते मला विचारतात, "आधी कधी कोणत्या सुईचा त्रास झाला का यांना? कोणतं औषध चालत नाही असं?" आणि त्याच वेळी त्यांचा कंपाउंडर वही आणि पेन घेऊन तुझ्यापाशी आला आहे, नाव लिहून खाली सही घ्यायला. तू डोळे उघडतेस. तुझी नजर डॉक्टरकडे आहे की पेनाकडे, हे मी सोमवारपासून दिवसाकाठी शंभर वेळा पाहतो. तू म्हणतेस, "मले पेन्सिल चालत नाही. सांग त्याइले."

आणि मी पुढं होतो. नेहमीसारखा. कंपाउंडरला म्हणतो, "तिले लिहिता येत नाही. अंगठा घ्या." तो शाईचा डबा आणतो. मी तुझा अंगठा धरून शाईत दाबतो आणि वहीवर टेकवतो.

डॉक्टर सुई भरता भरता पुन्हा विचारतात, "नक्की ना? काही नाही ना?"

मी म्हणतो, "काही नाही साहेब."

तू माझी बाही ओढतेस. "सांगलं ना तू?"

"हो माय. सांगलं."

"बरं झालं," तू म्हणतेस. आणि निळ्या अंगठ्यानं चाचपत पदराची गाठ सोडतेस.

पुढचं मी तुला सांगायला नको. मला जे दिसलं ते पडद्याच्या फटीतून. डॉक्टर धावले, त्यांनी दुसरी सुई दिली, छाती दाबली, घामानं त्यांचा सदरा भिजला. अर्ध्या तासानं ते बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले. उभं राहून त्यांनी मला सांगितलं नाही. जखमेचं विष रक्तात गेलं होतं, हृदयानं साथ दिली नाही, असं म्हणाले. सगळ्या गावानं तेच धरलं. तेच खरंही असेल. पोरगी म्हणते, "बाबा, कोणती सुई होती ते कुठं लिहून आहे? नक्की सांगता येत नाही." ती माझ्यासाठी म्हणते. मला एवढं माहीत आहे की तू तीन दिवस ताप अंगावर काढून बोलत होतीस आणि त्या सुईनंतर पाच मिनिटांनी बोलली नाहीस. आणि तुझं तोंड सुजलं होतं. न्हाऊ घालताना बायांनी म्हटलं होतं, रडून रडून सुजलं. मेलेलं माणूस कुठं रडतं?

मी गुरुवारी पोथी वाचतो, तू घालून दिलेला नेम आहे. या गुरुवारीही बसलो. देवाला मी सगळं सांगतो, लहान-मोठं काही ठेवत नाही. हे सांगितलं नाही. क्षमा मागायची तर ज्याचा निरोप हरवला त्याची आधी मागावी, देवाचा नंबर त्यानंतर, असं मनात आलं. पण तुझी क्षमाही मला मागता येत नाही, कारण तू देऊन टाकशील. "लेकरू होतं," म्हणशील. मी लेकरू नव्हतो, माय. बावीस वर्षांचा होतो. मी फक्त ऐकलं नाही. तुझ्याबद्दलचा माझा अंदाज मला तुझ्या बोलण्यापेक्षा जास्त खरा वाटला. अडाणी बाई आहे, पेन पाहून लाजली आहे, हा तो अंदाज. तुझ्यावर माझा जीव होता, आणि त्या जिवात ही एवढी खोट होती.

दुपारी एवढं लिहून उठलो. कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिला. वर पोरीचं नाव, रक्तगट. खाली लिहिलं : आजी, वडिलांची आई, पेनिसिलीन चालत नव्हतं. पोरीला सुई घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी हे दाखवावं. शब्द दोनदा तपासला, एकेक अक्षर. पे, नि, सि, ली, न. मग तो प्लॅस्टिकमध्ये घालून कडा मशीनवर शिवून टाकल्या, म्हणजे पाण्यातही पुसणार नाही. हे पत्रही त्याच कप्प्यात ठेवावं असं एकदा वाटलं. तुला तर ते कुठं पाठवणार. निदान तुझ्या नातीच्या हाती पडेल, आणि जे मला तोंडानं सांगता येत नाही ते तिला कळेल. घडी घालून कप्प्यात सरकवलंही होतं. मग काढून घेतलं. पिशवी पुण्याच्या गाडीवर ड्रायव्हरजवळ दिली, तेव्हा आत फक्त तो कागद होता. चाचा दारात उभे होते. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "अल्ला करे, हे पिशवी तिले कधी उघडा नाही लागो." मी हात जोडले.

परत येऊन बसलो तोच पोरीचा फोन आला. पिशवी निघाली का विचारलं.  तिच्या सोबत राहणाऱ्या एका मुलीशी ती या विषयावर बोलली असावी.

"बाबा, एक विचारू? तुमीच होता ना आजीसोबत दवाखान्यात?"

"हो."

"डॉक्टरनं तेव्हा विचारलं नव्हतं का, काही चालत नाही म्हणून? विचारतातच ना."

समोर बस लागत होती, कंडक्टर ओरडत होता. तेवढ्या आवाजात मला विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला, माय. मी पुष्कळ विचार केला.

मी म्हटलं, "नाही. विचारलं नव्हतं."

ती त्या डॉक्टरला बरंच बोलली. ज्यानं दोनदा विचारलं, ज्यानं तुझ्या पायाला हात लावताना माफी मागितली, त्या माणसाला माझी लेक निष्काळजी म्हणाली आणि मी ऐकत राहिलो. मग तिचा आवाज मऊ झाला. म्हणाली, "बाबा, तुमी मनाला लावून घेऊ नका. यात तुमचा काय दोष?"

आणि माय, मला बरं वाटलं.